सूत्र एक, पदार्थ दोन

जस्त, लोह आणि ऑक्सिजन यांच्या संयोगाने झिंक फेराइट नावाचा तपकिरी रंगाचा एक पदार्थ तयार होतो. त्याचे सूत्र कोणत्याही पुस्तकात एकच दिलेले आढळेल : जस्ताचा एक अणू, लोहाचे दोन आणि ऑक्सिजनचे चार. हे सूत्र पाठ करावयास हुशार विद्यार्थ्याला अर्धे मिनिटही नको. परंतु याच पदार्थाचे दोन नमुने दोन निरनिराळ्या रीतींनी तयार करून मेजावर शेजारी शेजारी ठेवले आणि त्यांच्याजवळ एक चांगला चुंबक नेला, तर पहिला नमुना जवळजवळ जागचा हलत नाही आणि दुसरा चुंबकाकडे ओढला जातो, असे घडू शकते. दोन्ही नमुन्यांचे रासायनिक पृथक्करण करा. अणूंचे प्रमाण तेच येईल. सूत्र एक, पण पदार्थ दोन!

यात जादू नाही आणि हातचलाखीही नाही. पहिला नमुना जस्ताचे व लोहाचे ऑक्साइड एकत्र खलून, अतिशय तप्त भट्टीत बराच वेळ भाजून केलेला आहे. त्याचे कण मोठे आहेत. दुसरा द्रावणातून, मंद उष्णतेवर, अतिसूक्ष्म स्फटिकांच्या रूपाने मिळविलेला आहे. सूत्राने ही गोष्ट सांगितली नाही. ती कृतीने सांगितली. आपल्या शाळांतून विज्ञान शिकविताना आपण सूत्राला गादीवर बसविले आहे आणि कृतीला दाराबाहेर उभे केले आहे, आणि याची किंमत आपली मुले देत आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ते मत या एका पदार्थाच्या आधाराने मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू.

आजकाल ‘नॅनो’ हा शब्द साबणापासून रंगाच्या डब्यापर्यंत कशावरही छापलेला दिसतो. ग्रीक भाषेत त्या शब्दाचा मूळ अर्थ बुटका असा आहे. मराठीत ‘अब्जांश’ हा अतिशय नेमका शब्द उपलब्ध आहे, कारण एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. माणसाच्या डोक्याचा केस साधारणपणे ८०,००० नॅनोमीटर जाड असतो. ज्या स्फटिकांचा आकार सुमारे १०० नॅनोमीटरच्या आत असतो, त्यांना अब्जांश-स्फटिक म्हणण्याचा प्रघात आहे. केवळ लहानपणाचे एवढे कौतुक कशासाठी, असा प्रश्न कोणीही विचारील. उत्तर अंकगणितात आहे. एक सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. त्याचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर. त्याच घनाचे १० नॅनोमीटर बाजूचे तुकडे पाडले, तर द्रव्य रतिभरही न वाढता सर्व तुकड्यांचे मिळून पृष्ठफळ ६०० चौरस मीटर होते. आपल्या शाळेचे सभागृह एवढे विस्तृत नाही! स्फटिकाच्या पोटात असलेल्या अणूला चहूकडून शेजारी असतात. पृष्ठभागावरच्या अणूची एक बाजू उघडी असते, म्हणून त्याचे वर्तन निराळे असते. मोठ्या स्फटिकात असे उघड्यावरचे अणू नगण्य. अब्जांश-स्फटिकात मात्र त्यांचे प्रमाण इतके वाढते की, त्यांचेच म्हणणे पुष्कळदा खरे ठरते.

आता दोन किंवा अधिक धातू एकत्र कशासाठी मिसळावयाचे? निसर्गातला लोहचुंबकाचा दगड, म्हणजे मॅग्नेटाइट, हा केवळ लोहाचाच ऑक्साइड आहे आणि मनुष्याला तो हजारो वर्षांपासून ठाऊक आहे. तोक्यो येथील योगोरो कातो आणि ताकेशी ताकेई यांनी १९३० च्या सुमारास लोहाच्या जोडीला दुसरे धातू घालून केलेल्या ऑक्साइडांचे चुंबकीय गुण दाखवून दिले, आणि १९३५ मध्ये या पदार्थाच्या उत्पादनासाठी एक कारखानाच निघाला. तोच पुढे टीडीके या नावाने जगभर प्रसिद्ध झाला. इकडे हॉलंडात आइंडहोव्हन येथील फिलिप्सच्या प्रयोगशाळेत स्नूक यांनी निकेल-जस्त आणि मँगेनीज-जस्त यांचे फेराइट सिद्ध केले. धातूच्या गाभ्याभोवतीच्या तारेतून वेगाने उलटसुलट होणारा विद्युत्प्रवाह चालविला, तर त्या गाभ्यात भोवऱ्यासारखे प्रवाह उत्पन्न होतात आणि तो तापतो. शक्ती वाया जाते. फेराइट हा चुंबकीय असूनही विजेचा वाहक जवळजवळ नाही, म्हणून तेथे तो उपयोगी पडला. आजोबांचा जुना ट्रान्झिस्टर रेडिओ घरात कोठे पडून असेल तर तो उघडून पाहा. तारेची वेटोळी गुंडाळलेली जी काळी कांडी आत दिसेल ती फेराइटची. संगणकाच्या तारेवर जो एक फुगीर गोळा असतो, त्याच्या पोटातही फेराइटच असतो.

जस्त हा धातू स्वतः चुंबकीय नाही. त्याचा आयनही चुंबकीय नाही. असे असता निकेल फेराइटमध्ये निकेल थोडे कमी करून त्या जागी जस्त घातले, तर पदार्थाचे चुंबकत्व घटावयास हवे. प्रत्यक्षात ते वाढते! तेही काही मर्यादेपर्यंतच वाढते. जस्ताचे प्रमाण निम्म्याच्या आसपास पोहोचले की मग उतरू लागते. या कोड्याचा उलगडा फ्रान्सच्या लुई नेएल यांनी १९४८ मध्ये केला आणि चुंबकत्वावरील त्यांच्या कार्यासाठी १९७० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तो उलगडा इतका सुंदर आहे की, तो येथे थोडक्यात सांगितल्यावाचून राहवत नाही.

फेराइटच्या स्फटिकात ऑक्सिजनचे आयन एकावर एक रचलेले असतात आणि त्यांच्यामधल्या पोकळ्यांत धातूंचे आयन बसतात. या पोकळ्या दोन प्रकारच्या : काहींच्या भोवती चार ऑक्सिजन, काहींच्या भोवती सहा. पहिल्या प्रकारच्या जागांना आपण ‘अ’ म्हणू, दुसऱ्यांना ‘ब’. नेएल यांनी असे दाखविले की, ‘अ’ जागांवरील सूक्ष्म चुंबक एका दिशेला आणि ‘ब’ जागांवरील विरुद्ध दिशेला तोंड करून उभे असतात; आपल्याला बाहेर जाणवते ती केवळ दोहोंची वजाबाकी. क्रीडामहोत्सवातली रस्सीखेच डोळ्यांपुढे आणा. निकेल फेराइटमध्ये लोहाचे निम्मे गडी ‘अ’ बाजूला आणि निम्मे ‘ब’ बाजूला असतात. त्यांची ओढ बरोबरीत सुटते आणि ‘ब’ बाजूला असलेल्या निकेलची तेवढी ओढ उरते. आता जस्त नावाचा एक पाहुणा येतो. त्याच्या अंगात बळ नाही. पण त्याला ‘अ’ बाजूचीच जागा आवडते. तो तेथे जाऊन उभा राहतो आणि तेथल्या लोहाच्या एका बलवान गड्याला ‘ब’ बाजूला जावे लागते. ‘अ’ बाजू दुबळी झाली, ‘ब’ बाजू सबळ झाली, वजाबाकी वाढली! मात्र ‘अ’ बाजूला सगळे जस्तच जस्त झाले, म्हणजे दोराला पलीकडून ओढणारा कोणी उरत नाही आणि ‘ब’ बाजूचे गडी आपसातच भांडू लागतात. शुद्ध झिंक फेराइटची, म्हणजे आपल्या पहिल्या नमुन्याची, नेमकी हीच अवस्था आहे. म्हणून तो चुंबकाला दाद देत नाही.

मग दुसऱ्या नमुन्यात काय झाले? अब्जांश-स्फटिक घाईने, कमी उष्णतेत घडले. प्रत्येक आयनाला आपल्या आवडीची जागा शोधावयास सवड मिळाली नाही. काही जस्त ‘ब’ जागांत अडकले, काही लोह ‘अ’ जागांत राहिले. रस्सीखेचीला पुन्हा दोन बाजू मिळाल्या आणि चुंबकत्व प्रकट झाले. तोच नमुना भट्टीत पुष्कळ तापवून सावकाश थंड केला, तर गडी आपापल्या जागी जातात आणि चुंबकत्व पुन्हा ओसरते. पदार्थाला जणू आपल्या जन्माची हकीकत आठवते. ही हकीकत सूत्रात लिहिण्याची सोय नाही.

म्हणून या क्षेत्रात काम करणारे संशोधक कृती ज्या बारकाईने लिहितात, ती पाहण्यासारखी असते. जुनी रीत भाजण्याची. धातूंचे ऑक्साइड तोलून अकीकाच्या खलात घोटावयाचे, दाबून वड्या पाडावयाच्या, हजार-बाराशे अंश सेल्सिअसवर कित्येक तास भाजावयाच्या, बाहेर काढून पुन्हा घोटावयाच्या आणि पुन्हा भाजावयाच्या. घन पदार्थात आयनांचे स्थलांतर फार संथ चालते. म्हणून एवढा खटाटोप. दुसरी रीत द्रावणाची. धातूंची नायट्रेटे पाण्यात विरघळविली की आयन सरबतातल्या साखरेप्रमाणे आपोआप मिसळतात. पण नुसते पाणी आटविले, तर प्रत्येक क्षार आपापल्या वेळी वेगळा होऊन खाली बसेल आणि सारी मिसळण फुकट जाईल. तसे होऊ नये म्हणून त्यात लिंबातले आम्ल, म्हणजे सायट्रिक आम्ल, घालतात. ते धातूंच्या आयनांना धरून ठेवते. अमोनियाने द्रावणाचा आंबटपणा घालवून ते मंद आचेवर आटवीत गेले की काकवीसारखा दाट रस होतो, मग चिकट गोळा होतो, आणि पुढे तापविता तापविता एका क्षणी तो गोळा स्वतःच पेट घेतो. नायट्रेट ज्वलनास साहाय्य करते, सायट्रिक आम्ल इंधन होते, आणि काही क्षणांत भांड्यात फुललेली, हलकी राख उरते. निघून जाणारे वायू कणांना एकमेकांस चिकटू देत नाहीत. कण लहान राहतात. ती राख पाचशे-सहाशे अंशांवर काही तास भाजली म्हणजे स्फटिक नीट आकारास येतात.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील के. सी. पाटील आणि त्यांचे सहकारी किंग्सली यांनी ज्वलनाच्या या मार्गाला फार मोठी चालना दिली. ॲल्युमिनियम नायट्रेट आणि युरिया यांचे द्रावण ५०० अंशांच्या भट्टीत ठेवले असता ते उकळते, फेसाळते, पेटते आणि पाच मिनिटांच्या आत पांढराशुभ्र, फुगीर ॲल्युमिना तयार होतो, हे त्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे या रीतीचा विस्तार अनेक धातूंच्या संमिश्र ऑक्साइडांपर्यंत झाला. युरिया म्हणजे शेतकऱ्याच्या गोदामात पोत्यांनी असणारे खत! मोठ्या यंत्रांवाचून मोठे रसायनशास्त्र होऊच शकत नाही, असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे. फेराइटचा अभ्यास तर आपल्या टापूत विशेष रुजलेला आहे. कोल्हापूर, औरंगाबाद, धारवाड आणि गोवा येथील विद्यापीठांतून त्यावर दीर्घकाळ काम झालेले आहे. (विद्यार्थिमित्रांना येथेच बजावून ठेवतो : नायट्रेट पेटविण्याचा हा प्रयोग घरी किंवा शाळेत करावयाचा नाही. त्यातून विषारी वायू निघतात, आणि निकेल व कोबाल्ट यांचे क्षार शरीराला अपायकारक आहेत.)

तयार झालेली राख खरोखरच अब्जांश-स्फटिकांची आहे, हे कशावरून ओळखावयाचे? साध्या सूक्ष्मदर्शकाला ते दिसत नाहीत. येथे क्ष-किरण साहाय्याला येतात. स्फटिकावर क्ष-किरण टाकले असता ते ठराविक कोनांतच जोराने परावृत्त होतात आणि आलेखावर उंच सुळके उमटतात. सुळक्यांच्या जागा स्फटिकाची रचना सांगतात. पण सुळक्यांची जाडीही बोलकी असते. स्फटिक जितका लहान, तितका सुळका रुंद. ही गोष्ट पॉल शेरर यांनी १९१८ मध्ये गणिताने मांडली. समजा, फेराइटचा सर्वांत मोठा सुळका सुमारे ३५.४ अंशांवर आला आणि अर्ध्या उंचीवर त्याची रुंदी ०.४ अंश भरली. तांब्याच्या क्ष-किरणांची तरंगलांबी ०.१५४ नॅनोमीटर धरून शेरर यांच्या समीकरणात आकडे घातले, तर स्फटिकाचा आकार सुमारे २१ नॅनोमीटर येतो. फेराइटच्या रचनेतला एक घटक-घन ०.८४ नॅनोमीटर बाजूचा असतो व त्यात ५६ आयन असतात. म्हणजे आपला स्फटिक एका बाजूला केवळ २५ घनांचा. संपूर्ण स्फटिकात १५,६२५ घन, आणि आयन सुमारे पावणेनऊ लाख. यांपैकी ३,४५८ घन, म्हणजे शेकडा २२, बाहेरच्या थरात आहेत. दहावीच्या विद्यार्थ्याला हे सारे गणित कागदावर करता येईल, आणि करून पाहावेच.

मात्र गणकयंत्र २१ असे सांगून थांबत नाही, ते २०.८४ असे दाखविते, आणि तेथेच मोह होतो. सुळका रुंद होण्याचे एक कारण यंत्राची स्वतःची मर्यादा हे असते. दुसरे, स्फटिकात असणारा ताण. ही कारणे वजा न करता दशांश चिन्हापुढे दोन आकडे लिहिणे म्हणजे वीतभर काठीने मोजून केसाच्या जाडीची ग्वाही देणे होय. २०.८४ लिहून मोकळा होणाऱ्यापेक्षा ‘सुमारे २०’ लिहून त्याचे कारण सांगणारा विद्यार्थी मला अधिक विश्वासाचा वाटतो. दुर्दैवाने, आपल्या उत्तरपत्रिकांत गुण बहुधा पहिल्याला मिळतात.

याच संदर्भात आणखी एका गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. आपल्या पूर्वजांना अब्जांश-विद्या अवगत होती, असे आपल्याकडे अलीकडे अभिमानाने सांगण्यात येते आणि त्यासाठी आयुर्वेदातील धातूंच्या भस्मांचा दाखला देतात. भस्मांत अतिसूक्ष्म कण असतात, यात शंका नाही. परंतु लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये चौथ्या शतकातला एक रोमन पेला आहे. लायकर्गसचा पेला असे त्याला म्हणतात. बाहेरून उजेड पडला की तो हिरवा दिसतो, आतून उजेड पाडला की लाल. त्याच्या काचेत सोने आणि चांदी यांच्या मिश्रणाचे सुमारे ७० नॅनोमीटरचे कण आहेत. म्हणजे संमिश्र धातूंचे अब्जांश-स्फटिकच! तो करणारा कारागीर निःसंशय थोर होता. म्हणून तो अब्जांश-शास्त्रज्ञ होता असे म्हणावयाचे काय? पदार्थ हाती असणे निराळे, आणि तो का तसा वागतो हे मोजून, पडताळून, दुसऱ्याला करता येईल अशा शब्दांत सांगणे निराळे. मायकेल फॅरडे यांनी १८५७ मध्ये सोन्याच्या लालबुंद द्रावणाचा अभ्यास करून त्यातील रंग सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचा आहे असे मांडले, तेव्हा या दुसऱ्या मार्गाला प्रारंभ झाला. पूर्वजांचा अभिमान जरूर बाळगावा. पण तो मोजमापाच्या जागी बसवू नये.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आपल्या अनेक शाळांतून प्रयोगवह्या कशा भरल्या जातात, हे शिक्षक, पालक आणि विद्यार्थी या तिघांनाही ठाऊक आहे. आणि तिघेही त्याविषयी बोलत नाहीत. गेल्या वर्षीच्या कोणा चांगल्या अक्षराच्या विद्यार्थ्याची वही येते आणि वर्गभर तिची नक्कल होते. मी अशा एका शाळेतल्या वह्या पाहिल्या आहेत, जेथे लंबकाच्या प्रयोगात चाळीसच्या चाळीस मुलांचे गुरुत्वत्वरणाचे उत्तर ९.८ आले होते. ९.६ कोणाचेही नाही, १०.१ कोणाचेही नाही. चाळीस मुलांनी दोरा मोजला असता, चाळीस जणांनी घड्याळ दाबले असता, तर असे होणे अशक्य होते. ती वही विज्ञानाची नव्हती. ती हस्ताक्षराची वही होती. त्या मुलांना गुण मिळाले, आणि त्याबरोबर एक शिकवणही मिळाली : उत्तर आधीच ठरलेले असते, आपण फक्त तेथवर पोहोचल्याचा देखावा करावयाचा. हा मुलगा उद्या संशोधनास गेला आणि त्याच्या भांड्यातली राख चुंबकाला चिकटली नाही, तर तो काय करील? ती का चिकटली नाही, हे शोधील. की चिकटली असे लिहील? औषधे, विजेऱ्या, पाणी शुद्ध करणारी द्रव्ये यांच्या परीक्षणाचे काम ज्यांच्या हाती जावयाचे, ती हीच मुले आहेत. म्हणून ही गोष्ट मला किरकोळ वाटत नाही.

माझ्या या म्हणण्यावर पालकांचा एक आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे, आणि तो खोटा नाही. ते म्हणतात, “गुरुजी, परीक्षेत सूत्र विचारतात, कृती विचारीत नाहीत. आमच्या मुलाने तास-दोन तास बरणीकडे पाहत बसावे, आणि शेजारच्याने तेवढ्यात दोन प्रकरणे पाठ करावी. मग पुढे प्रवेशाच्या वेळी आमच्या मुलाने काय करावे?” मुलाच्या भवितव्याची काळजी वाहणाऱ्या आई-वडिलांना यावर उपदेश करणे मला प्रशस्त वाटत नाही. परीक्षेची रीत बदलणे त्यांच्या हाती नाही, माझ्याही नाही. पण मी सर्व वेळ मागत नाही. वर्षाकाठी तीन प्रयोग खरे करावेत. मग बाकीचे पुस्तकातून का शिकेनात. त्या तीन प्रयोगांची वही ज्याची त्याने, आपल्या मराठीत, आलेल्या आकड्यांसह लिहावी, आणि चुकीचे उत्तर आले म्हणून तिचा एकही गुण कापू नये. कापावयाचा तो नक्कल केल्याबद्दल.

दुसरा आक्षेप साधनांचा. आमच्याजवळ भट्टी नाही, क्ष-किरणांचे यंत्र नाही, मग हे अब्जांश-स्फटिकांचे पुराण शाळेत कशाला? यंत्रांपुरते बोलावयाचे, तर इंदूरच्या मुलांनी तरी हा आक्षेप घेऊ नये. याच शहरात राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-१ आणि इंडस-२ ही दोन यंत्रे आहेत. पहिले १९९९ पासून, दुसरे २००५ पासून. इंडस-२ च्या सुमारे १७२ मीटर परिघाच्या कड्यात इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या जवळपास वेगाने फिरतात आणि त्यांच्यापासून निघणाऱ्या प्रखर क्ष-किरणांनी पदार्थातला लोहाचा किंवा जस्ताचा आयन कोणत्या शेजाऱ्यांत बसला आहे, ‘अ’ जागी की ‘ब’ जागी, हे तपासता येते. खंडवा मार्गावर विद्यापीठाच्या परिसरात यूजीसी-डीएई संशोधन संघाच्या प्रयोगशाळा आहेत. तेथे देशभरातून विद्यार्थी आपल्या पुड्या घेऊन येतात. दूरदूरच्या गावांची मुले रात्रीच्या गाडीने ज्या दारापर्यंत येतात, ते दार आपल्यापासून शहरी बसच्या अंतरावर आहे.

आणि यंत्र नसले, तरी या विषयाचा गाभा शाळेत दाखविता येतो. त्यासाठी तुरटी पुरे. नेहमीची तुरटी म्हणजे पोटॅशियम आणि ॲल्युमिनियम यांचा दुहेरी क्षार. तिची एक जांभळी बहीण आहे. तिच्यात ॲल्युमिनियमच्या जागी क्रोमियम असते. दोघींच्या स्फटिकांचा आकार एकच, अष्टफलक. दोन्ही धातूंचे आयन भाराने सारखे आणि आकारानेही जवळजवळ सारखे असल्यामुळे एकाच स्फटिकात ते एकमेकांच्या जागा घेऊ शकतात. आयल्हार्ड मिट्शरलिख यांनी १८१९ मध्ये ओळखलेला हा समाकृतिकत्वाचा गुण. फेराइटमध्ये निकेलच्या जागी जस्त बसते ते याच न्यायाने. दोन्ही तुरट्यांची द्रावणे निरनिराळ्या प्रमाणांत मिसळून ठेवली, तर फिकट गुलबक्षी रंगापासून गडद जांभळ्यापर्यंत रंगांचे संमिश्र स्फटिक मिळतात. जांभळा स्फटिक दोऱ्याने बांधून पांढऱ्या तुरटीच्या संपृक्त द्रावणात सोडला, तर त्याच्यावर स्वच्छ, पारदर्शक कवच चढते आणि आतला जांभळा गाभा काचेतून पाहावा तसा दिसतो. तेच द्रावण थंड पाण्यात धरून जोराने ढवळले, तर वाळूसारखी बारीक कणी पडते. झाकून आठवडाभर हलविले नाही, तर बोराएवढा खडा होतो. एक सूत्र आणि दोन पदार्थ नव्हेत, पण एक सूत्र आणि दोन स्फटिक तर खरेच. ते डोळ्यांनी पाहिलेल्या मुलाला झिंक फेराइटची गोष्ट अवघड जाणार नाही.

यात एक मेख आहे, आणि ती मला फार उपयोगाची वाटते. क्रोमियमच्या तुरटीचे द्रावण सुमारे ६० अंशांच्या वर तापले, तर त्याचा जांभळा रंग जाऊन ते हिरवे होते आणि मग त्यातून स्फटिक सहजासहजी पडत नाहीत. घटक तेच, प्रमाण तेच, आणि तरीही बरणी रिकामी! पुस्तकात पाहून हे कळत नाही. तापमापक हाती धरून उभे राहावे लागते.

म्हणून माझी सूचना अशी आहे. येत्या हिवाळ्यात नववीच्या वर्गाने प्रयोगशाळेच्या उत्तरेकडील खिडकीत, जेथे ऊन येत नाही तेथे, आठ बरण्या मांडाव्यात. पांढरी तुरटी किराण्याच्या दुकानात मिळते. जांभळीची एक बाटली रसायनांच्या दुकानातून आणावी. हात लावताना हातमोजे असावेत, आणि उरलेले द्रावण मोरीत न ओतता साठवून ठेवावे. प्रत्येक बरणीवर चिठ्ठी असावी : तारीख, दोन्ही तुरट्यांचे वजन, पाण्याचे माप, किती अंशांपर्यंत तापविले ते, आणि तुकडी. शिक्षकांनी आणि पालकसभेस येणाऱ्या पालकांनी त्या वाचाव्यात. एखादी बरणी हिरवी झाली, तर तीही चिठ्ठीसह त्याच फळीवर, इतरांच्या रांगेत, वर्षभर राहू द्यावी.